रिमकडून डिस्ककडे : रोड बाइकच्या ब्रेकची पार्श्वभूमी

रोड बाइकला, म्हणजे रस्त्यावर वेगाने चालवायच्या सायकलला, चाकाची बाहेरची कड (रिम) पकडणारे रिम ब्रेक असावेत की चाकाच्या मध्यावर बसवलेली धातूची चकती पकडणारे डिस्क ब्रेक, हा वाद बहुतेक वेळा कोणता ब्रेक अधिक जोरात लागतो या प्रश्नापाशी येऊन थांबतो. गेल्या काही दशकांचा इतिहास पाहिला, तर हलका रिम ब्रेक मागे पडण्याची खरी कारणे तो ज्या रिमवर आवळला जातो त्या रिममध्ये आणि सायकलच्या वजनाविषयीच्या एका नियमात सापडतात.

रिम ब्रेकची रचना मुळातच काटकसरीची आहे. त्याचे पॅड चाकाच्या मध्यापासून सुमारे ३१ सेंटीमीटर अंतरावर पकड घेतात, त्यामुळे केबलच्या साध्या ओढीने चाक थांबते. १४० किंवा १६० मिलिमीटर व्यासाच्या डिस्कवर ही पकड मध्यापासून सात-आठ सेंटीमीटरवरच बसते, म्हणून तेवढ्याच परिणामासाठी जवळपास चौपट बळ लागते. ते बळ हायड्रॉलिक तेलाच्या दाबातून मिळते आणि त्याचा ताण हब, स्पोक व फोर्क यांना सोसावा लागत असल्याने हे भागही दणकट करावे लागतात. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींचे रॉड ब्रेकसुद्धा रिमच पकडत, फक्त आतल्या बाजूने.

इटलीच्या कॅम्पान्योलो कंपनीने १९६८ मध्ये आणलेला, केबल एका बाजूने ओढणारा रेकॉर्ड साइड-पुल ब्रेक दीर्घकाळ शर्यतींचा मानदंड राहिला. १९९० च्या सुमारास जपानच्या शिमानोने दोन खिळींवर फिरणारा ड्युअल-पिव्हट कॅलिपर (रिमवर आवळला जाणारा ब्रेकचा चिमटा) रूढ केला आणि कमी जोरात चांगली पकड मिळू लागली. पुढे जर्मनीतल्या टीएचएम कंपनीने कार्बनचा फिब्युला ब्रेक बनवला. त्याच्या पुढच्या-मागच्या जोडीचे वजन जेमतेम १२० ग्रॅमच्या आसपास भरे, तर शिमानोच्या सर्वोच्च ड्युरा-एस श्रेणीची जोडी साधारण ३०० ग्रॅमची होती. हलकेपणाच्या या कारागिरीविषयी मला मनापासून आदर वाटतो.

मात्र ती बहरात असतानाच शर्यतींच्या मैदानात तिचे मोल कमी होत होते. सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआय हिने २००० पासून शर्यतीच्या सायकलला किमान ६.८ किलोचे बंधन घातले. त्या वेळी हे वजन गाठणे अवघड होते. कार्बन फ्रेम हलक्या होत गेल्या, तसे मेकॅनिकना काही सायकलींवर वजन मुद्दाम वाढवावे लागू लागले. डिस्क ब्रेकमुळे वाढणारे सुमारे अर्धा किलो वजन एरवी कोणत्याही संघाने नाकारले असते. या नियमामुळे ते निदान अंशतः सामावून घेता आले.

दुसरे कारण अधिक गंभीर होते. रिमही कार्बनच्या झाल्या होत्या. ॲल्युमिनियमच्या मानाने कार्बन उष्णता फार सावकाश बाहेर टाकतो, त्यामुळे आल्प्समधल्या लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यास रिममधले रेझिन, म्हणजे कार्बनचे धागे जोडून ठेवणारा चिकट पदार्थ, मऊ पडून तिची कड फुगण्याचा धोका असे. पावसात लिव्हर दाबल्यावर पॅड आधी पाणी पुसत, मग पकड येई. तेवढ्यात वळण जवळ आलेले असे. शिवाय कॅलिपरच्या कमानीखाली रुंद टायर मावत नसे. २८ मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायरांचे फायदे पटू लागल्यावर ही अडचण ठळक झाली.

माउंटन बाइकवर डिस्क १९९० च्या दशकातच रुळू लागली होती. यूसीआयने २०१० मध्ये चिखल-गवतातून होणाऱ्या सायक्लोक्रॉस शर्यतींत डिस्कला परवानगी दिली आणि २०१५ मध्ये रोड शर्यतींत चाचणी सुरू केली. एप्रिल २०१६ मध्ये पॅरिस-रूबे शर्यतीत स्पेनचा फ्रान व्हेंतोसो याच्या पायाला खोल जखम झाली. ती डिस्कच्या रोटरमुळे, म्हणजे फिरत्या चकतीमुळे, झाल्याचे त्याने खुल्या पत्रात लिहिले आणि काही दिवसांतच चाचणी स्थगित झाली. जखमेच्या कारणाविषयी पुढे मतभेद झाले, पण सायकलपटूंची भीती खरी होती आणि तिची दखल घेतली गेली हे योग्यच झाले. २०१७ मध्ये रोटरच्या कडा गोलाकार करून चाचणी पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी मार्सेल किटेलने डिस्क असलेल्या सायकलवर टूर द फ्रान्सचा टप्पा जिंकला आणि जुलै २०१८ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली.

तरीही डोंगरावरचे सायकलपटू लगेच वळले नाहीत. २०१९ ची टूर जिंकणारा एगान बेर्नाल रिम ब्रेकवर होता. सप्टेंबर २०२० मध्ये टूरमधल्या ला प्लांश दे बेल फीय या चढावरच्या घड्याळी शर्यतीत (एकेकट्याने वेळेशी स्पर्धा करण्याच्या टाइम-ट्रायलमध्ये) तादेय पोगाचारने चढाच्या पायथ्याशी टाइम-ट्रायल सायकल सोडून जी हलकी सायकल घेतली, तिलाही रिम ब्रेकच होते. परंतु स्पेशलाइज्ड आणि ट्रेक या सायकल कंपन्यांनी २०२० मधल्या आपल्या नव्या टारमॅक आणि एमोंडा फ्रेम फक्त डिस्कसाठी बनवल्या, आणि मग निवडीला फारशी जागा उरली नाही.

ब्रिटनच्या हिल क्लाइंब शर्यतींना ६.८ किलोचे बंधन लागू नाही. काही मिनिटांच्या त्या चढांवर प्रत्येक ग्रॅम मोजला जातो, आणि तिथे हलके रिम ब्रेक आजही आवर्जून लावले जातात.