तीन अधिक चार, बारा बाइटमध्ये

संगणक बेरीज नेमकी कशी करतो हे बाइट न् बाइट बघायचे असेल, तर आजचा लॅपटॉप फारसा कामाचा नाही. त्याच्या प्रोसेसरच्या आज्ञांचे वर्णनच हजारो पाने भरते. 'उक्सन' हा आभासी संगणक मात्र एका कागदावर मावतो. त्यात ३२ मूळ आज्ञा, ६५,५३६ बाइट मेमरी, प्रत्येकी २५६ बाइटचे दोन स्टॅक आणि पडदा, कळफलक वगैरे उपकरणांसाठी २५६ पोर्ट एवढेच असते. रेका बेलम आणि डेव्हिन लू लिनवेगा यांच्या 'हंड्रेड रॅबिट्स' या जोडीने तो घडवला. दोघे शिडाच्या बोटीवर राहतात आणि सौर पॅनलच्या विजेवर काम करतात. त्यांना कमी वीज खाणारी आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर सहज नेता येणारी साधने हवी होती. उक्सनचा गाभा सी भाषेत सुमारे शंभर ओळींत लिहिता येतो. त्यामुळे तो गेम बॉय ॲडव्हान्ससारख्या जुन्या खेळण्यावरही चालतो.

उक्सनमध्ये रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधल्या संख्या ठेवायच्या छोट्या जागा, नाहीत. सगळा हिशोब स्टॅकवर होतो. भाकऱ्यांच्या चवडीसारखे यात शेवटी ठेवलेले आधी उचलले जाते. म्हणून आधी संख्या लिहायच्या आणि क्रिया नंतर. तीन अधिक चारचे उत्तर टर्मिनलवर छापणारा हा पूर्ण प्रोग्राम बघा:

#०३ #०४ ॲड #३० ॲड #१८ डीईओ ब्रेक

प्रोग्राममधल्या संख्या हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावरच्या, आहेत आणि दोन अंक म्हणजे एक बाइट. शब्दांचे बाइट करणारा असेंबलर याचे १२ बाइट करतो:

८० ०३ ८० ०४ १८ ८० ३० १८ ८० १८ १७ ००

# चे रूपांतर ८० मध्ये होते, म्हणजे 'पुढचा बाइट स्टॅकवर ठेव' ही आज्ञा. पहिल्या चार बाइटनंतर स्टॅकवर ०३ ०४ असतात. १८ म्हणजे ॲड. ती वरचे दोन बाइट उचलते आणि ०७ ठेवते. आता ०७ ही संख्या झाली, पण पडद्यावर हवे आहे 'सात' हे अक्षरचिन्ह. अक्षरचिन्हांना क्रमांक देणाऱ्या आस्की तक्त्यात शून्याचे चिन्ह ३० वर आहे, म्हणून ३० मिळवले की ३७ येते आणि तेच साताचे चिन्ह. शेवटी टर्मिनलच्या पोर्टचा क्रमांक, १८, स्टॅकवर ठेवला की १७, म्हणजे डीईओ, त्याच्या खालचा बाइट त्या पोर्टवर पाठवते. टर्मिनलवर ७ उमटतो, ०० ला, म्हणजे ब्रेकला, यंत्र थांबते.

या ओळीत १८ तीनदा आला आहे. दोनदा तो बेरीज आहे, एकदा पोर्टचा क्रमांक. बाइटवर कुठलीही खूण नसते. आधी ८० आहे की नाही, एवढ्यावरच अर्थ ठरतो. प्रोग्रामची उडी एक बाइट चुकली की यंत्र संख्यांनाच आज्ञा समजून चालवत सुटते.

आज्ञेच्या आठ बिटांपैकी खालचे पाच आज्ञा सांगतात, वरचे तीन तिची तऱ्हा. २० मिळवले की आज्ञा सोळा बिटांवर चालते, ४० मिळवले की दुसऱ्या स्टॅकवर, ८० मिळवले की उचललेल्या संख्या जागेवरच राहतात. म्हणजे ॲड १८, तर सोळा बिटांची बेरीज ३८. थांबायच्या आज्ञेत ८० मिळवून काहीच अर्थ निघत नव्हता, म्हणून ती जागा 'पुढचा बाइट ठेव'ला दिली. ही काटकसर फार सुंदर आहे.

नवख्यांची सर्वाधिक फसगत इथेच होते. समजा #०००३ #०४ लिहून सोळा बिटांची बेरीज केली. स्टॅकवर ०० ०३ ०४ हे तीनच बाइट गेले, आज्ञेला हवेत चार. ती त्याखालचा जो असेल तो बाइट उचलते. तो ०० असेल, तर ०००० आणि ०३०४ यांची बेरीज होते आणि सात येण्याऐवजी नेहमीच्या दशमान अंकांत ७७२ हाती पडतात. स्टॅक वर्तुळाकार आहे, तळ लागला तरी तक्रार करत नाही. तसेच ऋण संख्याही नाहीत: आठ बिटांत दोनातून पाच वजा केले तर उत्तर २५३.

दुसरा स्टॅक परतीच्या पत्त्यांचा. उपप्रोग्रामला हाक मारली की दोन बाइटचा पत्ता त्यावर जातो, म्हणून एकात एक १२८ हाका मावतात. १२९ वी पहिलीचा पत्ता पुसते. हिशोबातली संख्या तात्पुरती तिथे ठेवता येते, पण परतण्याआधी ती काढली नाही, तर यंत्र तिलाच पत्ता मानून भलतीकडे उडी मारते.

म्हणून प्रत्येक उपप्रोग्रामच्या डोक्यावर, तो स्टॅकवरून काय घेतो आणि काय ठेवतो हे कंसात लिहायचेच. कंस आणि शब्द यांच्यामध्ये मोकळी जागा सोडायला विसरू नका, नाहीतर असेंबलरला तो कंस कळत नाही. तरीही बेरीज चुकलीच, तर सिस्टिम उपकरणाच्या डीबग पोर्टवर ०१ पाठवा. दोन्ही स्टॅकवर त्या क्षणी काय आहे ते छापून येते. संशयित आज्ञेच्या आधी एकदा आणि नंतर एकदा असे छापले, की कमी पडलेला बाइट लगेच दिसतो.