दिव्यांग हक्क कायदा व विधिसाहाय्य

दिव्यांग व्यक्तींची समानता, शिक्षण, रोजगार आणि सार्वजनिक ठिकाणचा वावर यांविषयीचा कायदा व तो अंमलात आणण्यासाठी मिळणारी कायदेशीर मदत. भारतात याचा मुख्य आधार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा असून तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे.

भारतातील दिव्यांगविषयक कायद्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. पूर्वीच्या १९९५ च्या अधिनियमाच्या उद्देशिकेत डिसेंबर १९९२ मध्ये बीजिंग येथे झालेल्या आशिया-पॅसिफिक बैठकीचा उल्लेख येतो आणि त्यावरून काही अभ्यासक त्याला आंतरराष्ट्रीय बांधिलकीचे फलित मानतात. इतर जण देशातील दिव्यांग संघटनांच्या दीर्घ मागणीकडे बोट दाखवतात. उद्देशिकेतून औपचारिक निमित्त कळते, प्रेरणा कळतेच असे नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. २०१६ च्या अधिनियमाबाबत असा वाद संभवत नाही, कारण १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने अनुसमर्थन दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक करारातूनच तो आला. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण ३ टक्क्यांवरून किमान ४ टक्क्यांवर नेले. आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. मात्र ही अट प्रत्येक हक्काला लागू नाही. संघ लोकसेवा आयोगाविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये परीक्षेतील लेखनिकाची (उमेदवाराच्या वतीने उत्तरे लिहिणाऱ्याची) सोय या टक्केवारीत बसणाऱ्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असे ठरवले.

दाद कोठे मागावी, हा प्रश्न व्यवहारात सर्वांत कठीण आहे. दिव्यांगांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या राज्य आयुक्तांना (महाराष्ट्रात कार्यालय पुणे येथे) चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत, परंतु कलम ८१ नुसार ते शिफारस करतात; संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत केलेली कार्यवाही किंवा शिफारस न स्वीकारण्याची कारणे कळवावी लागतात. जुन्या, १९९५ च्या अधिनियमाखाली केंद्रीय पातळीवरील मुख्य आयुक्त मनाई हुकूम किंवा अंतरिम आदेश देऊ शकत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निर्णय आहे. म्हणून नियुक्ती थांबवायची असेल किंवा सेवेतून काढण्याला तातडीने स्थगिती हवी असेल, तर राज्य कर्मचाऱ्याने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, आणि ज्या प्रकरणांत न्यायाधिकरणाचा मार्ग नाही त्यांत उच्च न्यायालयात रिट याचिकेद्वारे (शासन वा प्राधिकरणाविरुद्ध थेट आदेश मागणाऱ्या अर्जाद्वारे) जाणे अधिक परिणामकारक ठरते. कलम ९२ खालील अपमान, मारहाण किंवा छळ हे फौजदारी गुन्हे असून त्यांची सुरुवात पोलिसांकडील तक्रारीने होते.

वकिलाची निवडही यावरूनच ठरते. भारतात या शाखेचे वेगळे प्रमाणित विशेषज्ञ नसतात आणि वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे. त्यामुळे सेवाविषयक, रिट किंवा फौजदारी प्रकरणे चालवणारा वकील शोधावा लागतो आणि दिव्यांग संघटनांची शिफारस तेथे उपयोगी पडते. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधि सेवा मिळते. मात्र दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य असावे लागते. अर्ज तालुका समितीकडे किंवा जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे करता येतो आणि १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी प्रमाणपत्र, नाकारलेल्या अर्जाची प्रत व पत्रव्यवहार तारखेनुसार लावून ठेवणे इष्ट.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविध दिव्यांगत्व यांबाबत कायदेशीर पालकाची नेमणूक १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखालील स्थानिक स्तर समिती करते.