कृतीतून इंग्रजी आणि मुलांची मोटर स्किल्स

कृतीतून इंग्रजी म्हणजे साधारण ३ ते ७ वर्षांच्या मुलांना इंग्रजीचे पहिले शब्द आणि छोट्या छोट्या सूचना एका जागी बसवून पाठ करून न घेता हात, पाय, बोटं हलवत शिकवायची पद्धत. यात भाषेबरोबरच मुलाची मोटर स्किल्स, म्हणजे स्वतःच्या हालचालींवरचा ताबा, तोपण वाढत जातो. पुस्तकी मराठीत यांना कारक कौशल्यं म्हणतात. धावणं, उडी मारणं, तोल सांभाळणं, चेंडू झेलणं ही ग्रॉस मोटर, म्हणजे मोठ्या स्नायूंची कामं, आणि मणी ओवणं, बटण लावणं, कात्री चालवणं, पेन्सिल धरणं ही फाइन मोटर, बोटांची आणि मनगटाची कामं.

पद्धत आली कुठून

हालचाल आणि परकी भाषा यांची सांगड घालणारं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर. १९६०च्या दशकात त्यांनी टोटल फिजिकल रिस्पॉन्स, थोडक्यात टीपीआर, ही पद्धत मांडली आणि गंमत म्हणजे त्यांचे सुरुवातीचे प्रयोग इंग्रजीवर नव्हते, जपानीवर होते. मुद्दा साधा आहे. बाळ आपली पहिली भाषा शिकतं तेव्हा आधी कित्येक महिने फक्त ऐकतं, "इकडे ये", "चेंडू दे" कळलं की तसं करतं, बोलणं फार नंतर येतं, मग दुसऱ्या भाषेतपण मुलाला तोंड उघडायची घाई का करायची? मुलगी "स्टँड अप" ऐकून उभी राहिली म्हणजे तिला कळलं, एक शब्दही न बोलता कळलं, आणि शिकवणाऱ्यालाही ते तिथल्या तिथे दिसलं.

इटालियन डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी त्याच्याही बऱ्याच आधी, १९०७ मध्ये रोममध्ये आपलं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं आणि त्यांच्या पद्धतीतली सँडपेपरची अक्षरं आजही वापरात आहेत. खरखरीत अक्षरावरून मूल बोट फिरवतं आणि तेव्हाच त्याचा उच्चार करतं, अक्षराचं नाव नाही, उच्चार, म्हणजे 'बी' नाही, 'ब'.

सूचना आणि मोठ्या हालचाली

सुरुवात क्रियापदांनी करतात, कारण वॉक, स्टॉप, जंप, क्रॉल, टर्न हे शब्द शरीराने लगेच दाखवता येतात. हॉप थोडं उशिरा घ्यावं, एका पायावर उड्या मारायला बहुतेक मुलांना ४ वर्षांच्या आसपास जमतं, आणि ज्याचा तोलच जात असतो त्याचं लक्ष शब्दाकडे राहत नाही. इन, ऑन, अंडर, बिहाइंड शिकवायला एक मोठं खोकं पुरतं. मूल स्वतः खोक्यात शिरलं, खोक्यामागे लपलं की त्या शब्दाचा अर्थ त्याला भाषांतर करून सांगावा लागत नाही.

इथे एक चूक जवळपास सगळ्यांकडून होते आणि ती समजून घेण्यासारखी आहे. शिकवणारा "टच युवर नी" म्हणतो आणि प्रत्येक वेळी स्वतःही गुडघ्याला हात लावतो, मुलं बघून करतात, सगळा वर्ग अचूक दिसतो, पण ऐकतंय कुणीच नाही. म्हणून पहिल्या दोनतीन वेळा करून दाखवायचं, मग हात मागे बांधून फक्त बोलायचं. तेव्हा कळतं, काही मुलं शेजारच्याकडे बघतात, एखादं गुडघ्याऐवजी कोपराला हात लावतं. त्याला ओरडायचं नाही, परत एकदा दाखवायचं. पुढे ओळखीचे शब्द नव्या जोडीत द्यायचे, "वॉक टू द डोअर" आणि "टच द चेअर" येत असेल तर "वॉक टू द चेअर", जे आधी कधीच ऐकलेलं नाही. ते बरोबर केलं तर भाषा खरंच आत गेली. आणि मूल तयार झालं की सूचना द्यायचं काम त्याच्याकडे द्यायचं. आठवडेच्या आठवडे गप्प बसलेलं मूल मोठ्या माणसाला "सिट डाउन" म्हणतं आणि मोठं माणूस खरंच खाली बसतं, तेव्हा त्या मुलाचा चेहरा बघावा.

या पद्धतीला मर्यादा आहेच, काल काय झालं, मला काय वाटतं, हे नुसत्या आज्ञांमधून शिकवता येत नाही, तिथे गोष्टी आणि गप्पा लागतात.

बोटांची तयारी

मनगटात ८ छोटी हाडं असतात आणि जन्माच्या वेळी ती कुर्चेची, म्हणजे मऊ असतात, पुढे वर्षानुवर्षं एकेक करून टणक होत जातात. ३ वर्षांच्या हाताकडून दोन रेघांच्या मधे नीट बसणारी अक्षरं मागणं म्हणजे त्या हातावर अन्याय आहे, मला तरी असंच वाटतं. त्याऐवजी कणकेसारख्या मऊ गोळ्यावर रोल, प्रेस, पिंच, कागदावर टेअर आणि फोल्ड, ओल्या स्पंजवर स्क्वीज, बाटलीच्या झाकणावर ट्विस्ट. कपडे वाळत घालायचा चिमटा घ्या, ओपन म्हटलं की मूल अंगठा आणि तर्जनीने दाबतं, नखाच्या टोकाशी बोट पांढरं पडतं, ओठ घट्ट मिटलेले असतात, क्लोज म्हटलं की सोडतं. पुढे पेन्सिल धरायला हीच दोन बोटं, मधल्या बोटाच्या आधाराने, लागणार असतात. खडूचे छोटे तुकडेसुद्धा यासाठीच देतात, तुकडा मुठीत धरून चालत नाही, बोटांच्या टोकातच धरावा लागतो. ३ वर्षांखालच्या मुलांना मणी, बटणं देऊ नयेत, घशात अडकतात.

अक्षरांकडे

मुलं साधारण ३ वर्षांची झाली की गोल काढतात, ४ च्या सुमाराला फुली, ५ च्या आसपास त्रिकोण, तिरकी रेघ सगळ्यात उशिरा जमते. इंग्रजीच्या २६ कॅपिटल अक्षरांपैकी १५ नुसत्या सरळ रेघांची आहेत, पण त्यातली एल, टी, आय, एफ, ई, एच ही सहाच तिरक्या रेघेशिवाय होतात, म्हणून एबीसीच्या क्रमाने न जाता ही आधी घेतलेली बरी. स्मॉल लेटर्समध्ये सी, ओ, ए, डी, जी, क्यू एकाच उलट्या वळणाने सुरू होतात, ते एक वळण हातात बसलं की सहा अक्षरं सोपी होतात.

ठिपके जोडून गिरवणं मात्र पुरेसं नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत वाचता न येणाऱ्या ५ वर्षांच्या मुलांवर केलेल्या एका छोट्या अभ्यासात काही अक्षरं हाताने काढून घेतली, काही गिरवून, काही टाइप करून, आणि नंतर ती बघताना मेंदूचं स्कॅन केलं, तर वाचनाशी संबंधित भाग हाताने काढलेल्या अक्षरांनाच ठळकपणे जागा झाला. वेडंवाकडं का होईना, स्वतः काढलेलं अक्षर म्हणूनच पुसायला लावू नये.

स्मॉल बी आणि डी उलटसुलट होणं ७ वर्षांपर्यंत नेहमीचं आहे. अशा वेळी वहीत दहा ओळी लिहायला लावण्यापेक्षा मुलाला उभं करून खांद्यापासून अख्खा हात फिरवत हवेत अक्षर काढायला सांगतात, बी साठी आधी वरून खाली दांडी आणि मग पोट, डी साठी आधी पोट आणि मग दांडी, आणि प्रत्येक वेळी तोंडाने त्या अक्षराचा उच्चार.