तासांची मास्टर्स की प्रबंधाची?

वैद्यकशास्त्रात पुढचं शिक्षण घ्यायचं ठरलं की मुलं आधी विद्यापीठाचं नाव बघतात, मग विषय. अभ्यासक्रम कोणत्या प्रकारचा आहे, हे अनेकांना फी भरल्यावर कळतं. हा क्रम उलटा हवा असं मला मनापासून वाटतं, कारण पदवीच्या नावावरून काही उमगत नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांसोबत काम करत रुग्ण तपासणारे) होणाऱ्यांना 'मास्टर ऑफ मेडिकल सायन्स' मिळते. हार्वर्डमध्ये जवळपास त्याच नावाची पदवी संशोधन करणाऱ्यांना मिळते.

पाहायचं ते हे, की वेळ कुठे जाणार: वर्गात (ती तासांची मास्टर्स) की प्रयोगशाळेत (ती प्रबंधाची)? ब्रिटनमध्ये त्याचं उत्तर क्रेडिटच्या, म्हणजे अभ्यासाच्या भाराच्या गुणांच्या, तक्त्यात सापडतं. तिथल्या वर्षभराच्या एम.एस्सी.च्या 180 क्रेडिटपैकी साधारण 60 प्रबंधाला असतात, बाकीची तासांना आणि परीक्षांना. एम.रेस. (मास्टर ऑफ रिसर्च) असेल तर निम्म्याहून जास्त भाग संशोधनाचा.

तासांच्या मास्टर्समध्ये वेळापत्रक हातात असतं आणि शेवटाची तारीख ठरलेली असते. क्लिनिकल ट्रायल (उपचारांच्या माणसांवरच्या चाचण्या), औषधकंपनी किंवा सार्वजनिक आरोग्याच्या नोकरीकडे जायचं असेल, किंवा विषय बदलून पाया पक्का करायचा असेल, तर हीच बरी. मात्र शेवटचा 'प्रोजेक्ट' म्हणजे काय ते आधीच विचारून घ्या. काही ठिकाणी तो नुसता आधी छापून आलेल्या संशोधनाचा आढावा असतो.

प्रबंधाच्या मास्टर्समध्ये एक प्रश्न, एक गाइड आणि न संपणारी पुनरावृत्ती. पेशी वाढवणाऱ्याला रविवार नसतो. फ्लास्कमधलं लालसर द्रावण पिवळं पडलं की आम्ल साचलंय, ते आज बदलायलाच हवं. वेस्टर्न ब्लॉटला (अँटिबॉडी वापरून प्रथिन शोधायची चाचणी) दोन दिवस द्यायचे आणि पट्टीच उमटली नाही, तर अँटिबॉडी बिघडली की प्रथिनच नव्हतं, हे शोधत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे करताना जो वैतागत नाही, उलट रात्री त्याच पट्टीचा विचार करतो, त्याने पीएच.डी.कडे जरूर जावं. अमेरिकेत बॅचलर्सनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश मिळू शकतो. जर्मनीत साधारणपणे आधी मास्टर्स लागते.

पैशांतही फरक आहे. प्रबंधाच्या विद्यार्थ्याला पुष्कळ ठिकाणी विद्यावेतन मिळतं, तर तासांचा खर्च बहुतेक वेळा घरातून करावा लागतो. विद्यावेतनाला भुलून मात्र कुणाचीही प्रयोगशाळा धरू नका. तासांच्या अभ्यासक्रमात एखादा प्राध्यापक वाईट निघाला तर एक विषय बिघडतो, इथे गाइड वाईट निघाला तर सगळंच. म्हणून अर्जाआधी त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांशी बोला, गाइड समोर नसताना. आधीच्यांना प्रबंध सादर करायला किती वेळ लागला, किती जण अर्ध्यावर सोडून गेले आणि का, आठवड्याला भेट होते की महिन्याला, हे विचारा. उत्तराआधी समोरचा थबकला, तर तेही लक्षात ठेवा.

एक गैरसमज मात्र दोन्हीकडे सारखाच आढळतो. यांतल्या कोणत्याही मास्टर्सने डॉक्टर म्हणून रुग्णावर उपचार करायचा परवाना मिळत नाही. डॉक्टर व्हायचं असेल तर त्याची वाट वेगळी आहे, आणि ते अर्ज भरण्याआधी घरी सांगून टाकावं.