‘मला तर काहीच होत नाही’ : बीपीच्या गोळीमागचा इतिहास

‘मला बीपी आहे’ असं आपण म्हणतो. बीपी खरं तर प्रत्येक जिवंत माणसाला असतं. आपल्या बोलण्यात त्याचा अर्थ ‘वाढलेलं’ असाच झालाय. डॉक्टर गोळी लिहून देतात आणि घरी पोचेपर्यंत डोक्यात प्रश्न येतो : मला तर काहीच होत नाही, मग रोज गोळी कशाला? या प्रश्नाला कुणी अडाणीपणा म्हणू नये. शंभर वर्षांपूर्वी जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही तोच पडला होता, आणि त्यांचं उत्तर होतं : गोळी नकोच.

आधी मोजमाप आलं. इंग्लंडमधले पाद्री स्टीफन हेल्स यांनी एका घोडीच्या धमनीत पितळी नळी बसवून तिला काचेची उंच नळी जोडली, तर रक्त ८ फूट ३ इंच चढलं. हे त्यांनी १७३३ साली छापलं. माणसावर अर्थातच हा प्रयोग चालणार नव्हता. १८९६ साली इटलीतल्या रिवा-रोची यांनी दंडाला हवेचा पट्टा आणि शेजारी पाऱ्याची नळी अशी जोडणी केली. तिच्यात फक्त वरचा आकडा, म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा दाब, कळे. १९०५ साली रशियन सर्जन कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप धरला. हवा सोडताना पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोके विरतात तो खालचा, म्हणजे हृदय सैलावतानाचा. आज पारा दवाखान्यांतून हद्दपार होत चाललाय, पण १४०/९० हे आकडे अजून पाऱ्याच्या मिलिमीटरचेच आहेत.

आकडा हाती आला, पण त्याचं करायचं काय? वयानुसार धमन्या कडक झाल्या की रक्त पुढे ढकलायला शरीर मुद्दाम दाब वाढवतं, म्हणून तो उतरवणं धोक्याचं, असा समज बळकट होता. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं उदाहरण बघा. मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ ब्रूएन यांनी त्यांना तपासलं तेव्हा बीपी १८६/१०८ होतं. तरीही त्याच वर्षी ते पुन्हा निवडणूक लढले आणि जिंकले. १२ एप्रिल १९४५ रोजी डोकं प्रचंड दुखतंय म्हणत ते कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि वरचा आकडा ३०० च्या पुढे गेला होता. जगातला सर्वांत ताकदवान माणूस, आणि त्याला द्यायला धड औषध नव्हतं.

१९४८ पासून अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षं तपासणी सुरू झाली. आज ठणठणीत असलेल्यांपैकी उद्या हृदयविकार कुणाला गाठतो, हे पाहायचं होतं. वाढलेलं बीपी त्यात ठळकपणे पुढे आलं.

औषधाची वाट मात्र मुंबईतून गेली. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे झोपेसाठी आणि वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी पूर्वापार देत. त्याने रक्तदाब उतरतो, हे कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी १९३१ साली लिहिलं होतं. बाहेरच्या जगाने फारसं मनावर घेतलं नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या गोळ्या ५० रुग्णांना देऊन आकडे नोंदवले आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. मग पाश्चात्त्य डॉक्टर जागे झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने या मुळातून रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं. डॉ. वकील यांना १९५७ चा लास्कर हा वैद्यकातला मानाचा पुरस्कार मिळाला. पुढे रेसरपिन मागे पडलं. मोठ्या मात्रेत ते घेणारे काही जण खोल उदासीनतेत जात. ‘झाडपाला म्हणजे निर्धोक’ असं म्हणणाऱ्यांना ही गोष्ट मी हमखास सांगतो.

तरी मूळ प्रश्न शिल्लक होता : आकडा उतरवला तर माणूस वाचतो का? अमेरिकन डॉक्टर एडवर्ड फ्रीस यांनी तिथल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांत १४३ पुरुष निवडले. खालचं बीपी ११५ ते १२९. निम्म्यांना औषध (त्यात रेसरपिनही होतं), निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी. १९६७ साली निकाल आला : पोकळ गोळीवाल्यांत २७ जणांना गंभीर दुखणी झाली, औषधवाल्यांत दोघांना. १९७० मध्ये त्याहून कमी बीपी असलेल्यांतही फायदा दिसला. बीपीच्या गोळीचा पाया हा.

भारतात २०१७ साली आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जागतिक आरोग्य संघटनेने रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम काढला. सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा, भंडारा हे महाराष्ट्रातले पहिले जिल्हे. अॅम्लोडिपिनसारखी बीपीची स्वस्त गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. अडचण वेगळीच आहे. महिन्याभराने पट्टा बांधला, आकडा नॉर्मल आला, की ‘आता बरं झालं’ म्हणून गोळी बंद होते. गोळी चालू आहे म्हणून तो आकडा नॉर्मल आहे, हे समजावताना आशाताईंचा घसा सुकतो.

फ्रीस यांना ही अडचण ठाऊक होती. अभ्यासाआधी त्यांनी उमेदवारांना रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) मिसळलेली गोळी दिली. ती घेतली असेल तर लघवी विशिष्ट प्रकाशात चमकते. ज्यांची चमकली नाही, त्यांना अभ्यासात घेतलंच नाही. आरोग्य केंद्रात अशी निवड करता येत नाही. तिथे गोळी विसरणाराही पुढच्या महिन्यात त्याच रांगेत उभा असतो.