विधान आणि राशी (पायथॉन)

पायथॉन या संगणकभाषेच्या व्याकरणातले दोन मूळ घटक. जिची किंमत निघते ती राशी (एक्स्प्रेशन). प्रोग्रामला एक पूर्ण पाऊल टाकायला लावते ते विधान (स्टेटमेंट). शाळेतली 'बैजिक राशी' आठवली की पहिली संज्ञा परकी वाटत नाही. क्लासात मात्र सर्रास इंग्रजी शब्दच चालतात.

ठाणे–वाशी ट्रान्सहार्बर मार्गावरची चार स्थानके घेऊ:

स्थानके = ['ठाणे', 'ऐरोली', 'रबाळे', 'घणसोली']

ही अख्खी ओळ विधान आहे. तिने यादीला नाव दिले, हाती किंमत काही ठेवली नाही. बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडचा चौकटी कंस मात्र राशी. लेन(स्थानके), म्हणजे यादीतल्या घटकांची संख्या, ही राशी, किंमत ४; लेन(स्थानके) - १ हीसुद्धा, किंमत ३. राशीच्या पोटात राशी मावते. (पायथॉन ३ मध्ये चलांची नावे खरोखरच देवनागरीत चालतात, आकडे आणि राखीव शब्द रोमनच लागतात. इथे वाचायला सोपे जावे म्हणून सगळे देवनागरीत.)

राशी म्हणजे नुसता हिशेब आणि विधान म्हणजे काम, ही नेहमी सांगितली जाणारी फोड फसवी आहे. प्रिंट('ठाणे') पडद्यावर छापते, तरी फंक्शनला दिलेली हाक म्हणून ती राशीच. तिची किंमत 'नन', म्हणजे 'काहीच नाही'. पायथॉन २ मध्ये प्रिंट हे विधान होते, डिसेंबर २००८ च्या ३.० आवृत्तीत ते फंक्शन झाले. खरी कसोटी जागेची. फंक्शनच्या कंसात, लॅम्डाच्या (बिननावाच्या छोट्या फंक्शनच्या) पोटात, एफ-स्ट्रिंगच्या (आत किमती भरता येणाऱ्या मजकुराच्या) महिरपी कंसात राशीच बसते. तिथे व्हाइल किंवा इम्पोर्टसारखे विधान घातले की सिंटॅक्स एरर, म्हणजे व्याकरणाची चूक. उलट जवळपास कोणतीही राशी एकट्या ओळीवर विधान म्हणून उभी राहते, आणि नवशिक्यांचा गोंधळ होतो तो इथेच.

नौपाड्यातल्या क्लासात असो की महापेच्या ऑफिसात, पुढची ओळ कोणीतरी लिहितोच:

स्थानके = स्थानके.सॉर्ट()

सॉर्ट यादी जागच्या जागी क्रमाने लावते: ऐरोली, घणसोली, ठाणे, रबाळे. पण या राशीची किंमत 'नन', आणि असाइनमेंटने (बरोबरच्या चिन्हाने नाव देण्याने) तीच 'स्थानके' या नावाला चिकटवली. आता शेलमध्ये (ओळ लिहिताच ती चालवणाऱ्या खिडकीत) 'स्थानके' टाइप केले तर काहीच उमटत नाही, कारण शेल राशीची किंमत दाखवतो खरा, पण 'नन' गिळून टाकतो. लावलेली यादी किंमत म्हणून हवी असेल तर सॉर्टेड(स्थानके).

मजकूर म्हणून दिलेला कोड चालवणाऱ्या फंक्शनांपैकी इव्हॅल फक्त राशी घेते, एक्झेक विधानेही चालवते. इफ-एल्स हे मुळात विधान. त्याचे राशीरूप २००६ मध्ये, २.५ आवृत्तीत आले.

सी भाषेत असाइनमेंट ही राशी असते. म्हणून तिथे अटीत दुहेरी बरोबरऐवजी एकेरी पडले तरी प्रोग्राम बिनबोभाट चालतो आणि चूक शोधण्यात दुपार जाते. पायथॉनने ही वाट मुद्दाम बंद ठेवली होती. पुढे राशीच्या आतच नाव देणारे := हे 'वॉलरस' चिन्ह आणायचे ठरले तेव्हा इतका वाद झाला की जुलै २०१८ मध्ये भाषेचे जनक गुइडो व्हान रॉसम नेतृत्वावरून बाजूला झाले. ऑक्टोबर २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून इफ (न := लेन(स्थानके)) > ३: असे लिहिता येते. एकट्या ओळीवर न := ४ मात्र कंसाशिवाय आजही चालत नाही.