स्मृतिभ्रंश आणि जीन्समधला फरक

स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया, यात आठवण आणि विचार करायची ताकद दोन्ही घसरतात, आणि कोणाचं काय आधी घसरेल यात जीन्सचाही, म्हणजे मायबापाकडून आलेल्या जनुकांचाही, हात असतो. विदर्भातल्या खेड्यात याला आजार म्हणतंच कोण, "बुढी चळली" म्हणायचं नाहीतर साठी बुद्धी नाठी म्हणून सोडून द्यायचं. बैलजोडी विकून कितीक वर्षं झाली तरी आजी दिवेलागणीला दारात येऊन विचारते, "ढोरं आले काय रे?", आणि वावरातून आलेला नातू मनात म्हणतो, हिच्या मायचंही असंच झालं होतं, आता माझा नंबर लागते काय.

तसं सरळ गणित नाही. अल्झायमर हा डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, पण घराण्यात थेट उतरणारा अल्झायमर १०० रोग्यांत एकाच्याही खाली, त्यात एपीपी, प्रेसेनिलिन १ किंवा प्रेसेनिलिन २ यापैकी एक जीन बिघडलेला असतो, मुलात यायची शक्यता निम्मी आणि आजार बहुतेक पासष्टीच्या आतच दिसतो, कधी चाळिशीत. ऐंशीतल्या आजीचं प्रकरण सहसा वेगळं असतं.

तिथं नाव येतं १९व्या गुणसूत्रावरच्या एपीओई या जीनचं, अल्झायमरशी त्याचा संबंध १९९३ मधे कळला. प्रकार ३, ई२, ई३, ई४, आणि प्रत्येकाजवळ २ प्रती, एक मायकडची एक बापाकडची. ई४ एक असली तर धोका साधारण तिप्पट, दोन असल्या तर ८ ते १२ पट, पण हे आकडे मुख्यतः गोऱ्या लोकांवरून काढलेले, आपल्याला जसेच्या तसे लावू नये. हरियाणातल्या बल्लभगडकडच्या खेड्यांत तपासलं तर ई४ही कमी निघाला आणि अल्झायमरही. ई४ असूनही शेवटपर्यंत ठणठणीत राहणारे लोक आहेतच.

खरी गंमत पुढं आहे. ई४वाल्याला अल्झायमर झाला की बहुतेक ताजी आठवण जास्त जाते, सकाळी काय जेवलो तेच आठवत नाही, आणि ई४ नसलेल्यात त्यामानानं हिशोब, शब्द, जागेचा अंदाज यात घोळ जास्त. १७व्या गुणसूत्रावरचा एमएपीटी जीन बिघडला तर आठवणीआधी स्वभावच फिरू शकतो, मग घरचे वर्षभर भांडतच बसतात. नॉच३ जीन बिघडला तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन विचार मंदावतो.

पण हे ओळखायचं कसं, शाळा न पाहिलेल्या बाईला आजची तारीख विचारून काय कळणार, तिनं ती कधीच मोजली नाही. पोळा होऊन किती दिवस झाले, कालचा बाजार कोणत्या गावचा, पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाचा, कितवा वेचा सुरू आहे, हे विचारा.